आठ हजारचा हट्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय घरातलाच आहे. दादा आणि वहिनी दोघंही हा ब्लॉग वाचतात, तेव्हा भांडण जाहीरच होऊ दे.

पुतण्याने जुनी बलेनो घेतली. म्हणजे ती पहिली, १६०० सीसीची, २००७ मध्ये बंद झालेली. हल्लीच्या हॅचबॅकशी तिचं नावापुरतंच नातं. तिच्यात एका गॅरेजवाल्याने घासून बनवलेला 'हॉट' कॅम टाकला आणि लिमिटर उचलून आठ हजारावर ठेवला.

"काका, आता आठ हजारापर्यंत जातीय!"

"कामून?"

"कामून म्हंजे? कॅम टाकला ना."

हे 'कॅम टाकला ना' माझ्या डोक्यात जातं. अरे बाबांनो, कॅम इंजिनाला वर ओढायला शिकवतो, वर टिकायला नाही. व्हॉल्व्ह जास्त उघडा, जास्त वेळ उघडा राहिला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. बस्स, एवढंच त्याचं काम. तो व्हॉल्व्ह परत वेळेवर बंद करायचं काम स्प्रिंगचं, आणि स्प्रिंग त्याच जुन्या! आठ हजारला कॅम मिनिटाला चार हजार फेरे घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडून मिटतो. स्प्रिंग दमली की रॉकर कॅमची पाठ सोडतो, व्हॉल्व्ह तरंगतो, सीटवर आपटून उसळतो. शिवाय नव्या कॅमची उचल जास्त असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतात का, रिटेनर गाइडला टेकतो का, पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये किती जागा उरते, हे सगळं मोजावं लागतं. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून मोजतात. अर्ध्या दिवसाचं काम. कोण करतो?

आणि हे झालं फक्त वरच्या मजल्याचं. तळमजल्याला कॅमचा पत्ताच नसतो. साडेसहा हजाराचे आठ हजार केले तर आपल्याला वाटतं, वाढून वाढून किती, २३ टक्के. पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपट! तेही कारखान्यातून आले तेच रॉड-बोल्ट, इतक्या वर्षांचे.

आता त्याचं आवडतं उदाहरण. होंडा एस२००० नऊ हजारापर्यंत जायची. खरं आहे. तिचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर, पिस्टन फोर्ज्ड, सगळं इंजिन त्यासाठीच घडवलेलं. पुढे २००४ च्या सुमारास त्याच होंडाने अमेरिकेसाठी स्ट्रोक ९०.७ केला आणि लाल रेषा आठ हजारावर उतरवली. होंडाने! बलेनोचा स्ट्रोक ९०. म्हणजे आमच्या चिरंजीवांनी गल्लीतल्या गॅरेजात होंडाच्या खास इंजिनाशी बरोबरी करून टाकली. आठ हजारला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर होतो. एस्टीमच्या १३०० सीसीचा स्ट्रोक ७५.५, तिला हाच वेग गाठायला साडेनऊ हजार लागतील. एकच आकडा सगळ्या इंजिनांना कसा लागू होईल?

"रेसवाले पळवतात की." पळवतात. आणि ठरावीक पळापळीनंतर इंजिन उघडून बोल्टसुद्धा बदलतात. आपली गाडी बीडला कोर्टाच्या तारखेला जाते आणि परळीला वैजनाथाच्या दर्शनाला.

व्हायचं ते झालंच. मांजरसुंब्याच्या घाटात, ऐन ऊसतोडीच्या हंगामात, व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं. गाडी जागेवर बंद, मागे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. त्या ड्रायव्हरने कशी थांबवली त्याची त्यालाच ठाऊक. पोरगा शाबूत आहे म्हणून मी हे चिडून लिहू शकतोय, नाहीतर लिहिलंच नसतं.

हेड उघडलं तर रिटेनर गाइडवर आपटल्याच्या खुणा स्पष्ट. गॅरेजवाला म्हणतो, "चुकीचा गिअर टाकला असंल." समजा टाकला. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लिमिटर पेट्रोल तोडून काय करणार? म्हणूनच तर खाली थोडी जागा राखून ठेवायची असते. ती आधीच खाऊन टाकल्यावर ड्रायव्हरचा दोष कसला काढता?

बरं, आठ हजारचा फायदा तरी काय? डायनोवर चढवली असती तर ताकद कुठे घसरायला लागते ते कागदावर दिसलं असतं. त्याच्या थोडं पुढे लिमिटर ठेवायचा. आणि स्प्रिंग किंवा रॉड त्याच्याही आधी हात टेकत असतील तर तिथेच थांबायचं. सगळ्यात कच्च्या भागाचा आकडा तोच इंजिनाचा आकडा. पण 'आठ हजार' म्हटलं की मित्रांत भाव खाता येतो, सहा हजार आठशेला कोण विचारतं!

असो. दादा, तू काल फोनवर विचारलंस, हेडचे पैसे देऊन टाकू का म्हणून. कापसाचे पैसे आहेत, घाई करू नकोस. आधी त्याला नवीन स्प्रिंगचा दाब आणि कॅमची उचल कागदावर लिहून द्यायला सांग. आकडे माझ्याकडे पाठव. आणि पोराला म्हणावं काका रागावलेला नाही, फक्त फोन उचल.