दोष दातांना, गुन्हा हातांचा

आमच्या वर्गातली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. तिच्या आठ महिन्यांच्या भावाला उलट्या-जुलाब झाले होते. दादी म्हणाली, "दात येताहेत, होतंच असं." नजर उतरवली, दूध बंद केले, पाणीही बंद केले. तिसऱ्या दिवशी बाळाचे रडणेसुद्धा थांबले, तेव्हा दवाखान्याकडे धावपळ झाली. अल्लाहच्या कृपेने बाळ वाचले.

आपल्या भिवंडीत ही गोष्ट अनेक घरांची आहे. म्हणून या वेळी आम्ही दादी-नानींशीच अदबीने बोलणार आहोत.

दातांमुळे असे जुलाब होत नाहीत. दात येण्याच्या वयातच बाळ रांगू लागते, हाती लागेल ते तोंडात घालते. वरचे अन्नही तेव्हाच सुरू होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि दोष दातांवर जातो.

बाळांच्या तीव्र जुलाबाचे एक मोठे कारण म्हणजे रोटाव्हायरस. १९७३ मध्ये मेलबर्नला डॉ. रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना तो आजारी बाळांच्या आतड्यात सापडला. आजारी बाळाच्या शीमध्ये तो अगणित असतो आणि दुसऱ्या बाळाला पाडायला त्यातला कणभर पुरतो. लंगोट बदललेला हात दुधाच्या बाटलीला, खेळण्याला, दाराच्या कडीला लागतो. विषाणू असाच पसरतो. म्हणून 'बाळाची शी घाण नसते' हा समज सोडायला हवा. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या घरांना हात धुणे नवे नाही, पण इथे साबण हवाच.

पावसाळ्यात दूषित पाण्यातून इतर जंतूही येतात. नळाला ठरावीक वेळच पाणी येते. एरवी रिकाम्या पाइपात, तो फुटला असेल तिथून, गटाराचे पाणी शिरू शकते. पाणी उकळा, झाकून ठेवा, पिंपात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या. मध नको, घुट्टी नको, पाणीही नको.

जुलाबात बाळ दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून दूध-पाणी तोडणे हीच सर्वांत घातक चूक. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण पाण्यात घोळून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. तेच आजचे ओआरएस.

पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खे पाकीट घोळा आणि चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्या. उरलेले चोवीस तासांनी फेकून द्या. अंगावरचे दूध चालूच ठेवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या; जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, तेव्हा ते मनाने देऊ नका.

डोळे खोल गेले, टाळू आत गेली, लघवी होईना, शीमध्ये रक्त दिसले, बाळ सुस्त पडले किंवा काहीच पिईना, तर घरगुती उपाय पुरे. दुआ जरूर करा, पण रिक्षात बसून दवाखान्याच्या वाटेवर.

रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रांवर मोफत मिळते. ती तोंडावाटे देतात, सुई नसते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असे तीन डोस. ती साऱ्याच जुलाबांवर चालत नाही, पण रोटाव्हायरसच्या जिवावर बेतणाऱ्या जुलाबापासून बरेच संरक्षण देते.

दादीचा शब्द घरात चालतो. त्याच दादीने उद्या म्हटले, "दूध तोडू नको, ओआरएस घोळ," तर सून ऐकेल. आजच दोन पाकिटे आणून घरात ठेवा.