पडद्यावरून पालिकेत

इटलीच्या उत्तरेस लोंबार्डी प्रांतात बेर्गामो नावाचे एक शहर आहे. लोकवस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे लातूरच्या सुमारे एक-तृतीयांश. २०१४ च्या जूनपासून २०२४ च्या जूनपर्यंत दहा वर्षे जॉर्जो गोरी हे गृहस्थ तेथे महापौर होते. त्यांची हयात दूरचित्रवाणीत गेलेली. बेर्लुस्कोनी यांच्या मालकीच्या कानाले ५ या वाहिनीचे ते संचालक होते. २००१ मध्ये त्यांनी ‘माग्नोलिया’ ही कार्यक्रमनिर्मितीची कंपनी काढली, आणि नामांकित मंडळींना ओसाड बेटावर नेऊन ठेवणारा एक अतिलोकप्रिय कार्यक्रम इटालियन घराघरांत पोचविला. असा मनुष्य राजकारणात शिरला तेव्हा तो आपल्या जुन्या धन्याच्या पक्षात गेला नाही, त्याच्या विरोधकांच्या डेमोक्रॅटिक पक्षात गेला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकांस या दूरस्थ गृहस्थाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न रास्त आहे. परंतु २०२६ च्या जानेवारीत आमच्या दोन्ही महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. २०२२ साली मुदत संपल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ ही दोन्ही शहरे प्रशासकांच्या हाती होती. इतक्या दीर्घ कालावधीनंतर सभागृहे पुन्हा भरत असता, महापौर म्हणजे नेमके कोण आणि त्याने करावयाचे काय, याचा विचार झाला पाहिजे असे आम्हांस वाटते.

वृत्तव्यवसायातून नगराच्या कारभारात येणे महाराष्ट्रास नवे नाही. ‘केसरी’चे संपादक नरसिंह चिंतामण केळकर यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले होते. त्या काळी लेखणीची प्रतिष्ठा होती, आज पडद्याची आहे, इतकाच काय तो फरक. मराठवाड्यातील ताजे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. एनडीटीव्हीचे वार्ताहर इम्तियाज जलील यांनी नोकरी सोडून २०१४ मध्ये विधानसभेची जागा जिंकली आणि २०१९ मध्ये साडेचार हजारांहून कमी मतांच्या फरकाने लोकसभेची. २०२४ मध्ये ते पराभूत झाले. त्यांच्या एमआयएम पक्षास महाराष्ट्रात पहिला शिरकाव मिळवून दिला तो मात्र नांदेडने, २०१२ च्या महानगरपालिका निवडणुकीत अकरा जागा देऊन. त्याच नांदेडने २०१७ साली त्या पक्षास एकही जागा दिली नाही. नांदेडचा मतदार कोणाच्या मुखवट्यास कायमचा भुलत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

जलील आणि गोरी यांच्या वाटा जेथे फुटतात तेथेच आमचा मुद्दा आहे. इटलीतला पडद्यावरचा मनुष्य महापौर होऊ इच्छितो. आमच्याकडचा आमदार-खासदार होऊ इच्छितो. हा केवळ महत्त्वाकांक्षेचा भेद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. इटलीत १९९३ च्या कायद्याने महापौर थेट जनतेच्या मताने निवडला जातो. आपले कारभारी मंडळ तोच नेमतो व तोच दूर करतो. नगरसभेने त्याच्यावर अविश्वास दाखविला तर महापौराबरोबर नगरसभाही विसर्जित होते. त्यामुळे ठराव आणणारे सभासद दहा वेळा विचार करतात. बेर्गामोसारख्या शहरांत लागोपाठ दोन मुदती झाल्या की त्याला घरी जावे लागते. हातात सत्ता भरपूर, आणि दोष टाकावयास दुसरा कोणी नाही.

आमच्याकडे महापौर नगरसेवकांतून, नगरसेवकांच्याच मतांनी निवडला जातो, तोही अडीच वर्षांसाठी. पद कोणत्या प्रवर्गाकडे जावे हे सोडत ठरविते. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. महापौरांच्या वाट्यास सभेचे अध्यक्षस्थान आणि पाहुण्यांचे स्वागत. लातूरकरांनी २०१७ मध्ये सत्तरपैकी छत्तीस जागा भारतीय जनता पक्षास दिल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात त्याच सभागृहातून काँग्रेसचा महापौर निवडून आला. मधल्या काळात मतदाराने काहीही केले नव्हते! विसंगती पाहा: उदगीर किंवा देगलूर येथील नागरिक आपला नगराध्यक्ष स्वतःच्या मताने निवडतो, लातूर आणि नांदेडच्या नागरिकास तो अधिकार नाही. शहर जसजसे मोठे होते तसतसा नागरिक लहान होतो की काय? १९९८ च्या सुमारास मुंबई व नागपूर येथे ‘महापौर परिषदे’चा प्रयोग झाला होता, तो वर्ष-दीड वर्षात गुंडाळण्यात आला.

थेट निवडणुकीने चेहऱ्यांचा बाजार भरेल, ही शंका आम्ही उडवून लावीत नाही. ज्याचा चेहरा घरोघरी परिचित आहे त्याला ती सोयीचीच. पण चेहऱ्याची परीक्षा केव्हा होते हे बेर्गामोत दिसले. २०२० च्या फेब्रुवारीअखेर गोरी यांनीही शहर थांबू नये असाच सूर लावला होता; प्रसिद्धीच्या धंद्यात मुरलेल्या माणसास तो सूर स्वाभाविक म्हणावा. तीन आठवड्यांत, १८ मार्चच्या रात्री, शवपेट्या वाहून नेणाऱ्या लष्करी मोटारींची रांग त्याच शहरातून निघाली आणि ते चित्र साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर महापौरांनी जे केले ते पडद्याच्या कलेत बसणारे नव्हते. मृतांचा सरकारी आकडा खरा नाही, प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत, असे त्यांनी उघडपणे सांगितले. नगरपालिकेच्या मृत्यूनोंदींची आधीच्या वर्षांशी तुलना केली की तफावत उघडी पडत होती, आणि ती नोंदवही नगरपालिकेच्याच कपाटात होती. चुकीचा सूर लावणारा आणि खरा आकडा सांगणारा मनुष्य एकच होता, आणि दोन्ही गोष्टींचा जाब लोक त्याच्याकडेच मागू शकत होते.

लातूरचे २०१६ चे वर्ष आठवा. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. देशभरच्या वाहिन्या फलाटावर उभ्या होत्या. गाडीच्या शंभरांहून अधिक फेऱ्या झाल्या. त्या सबंध पर्वात आपल्या शहराच्या महापौरांनी काय केले, हे किती लातूरकरांस सांगता येईल? दोष व्यक्तीचा नाही. विचारण्याजोगे त्यांच्या हाती काही नव्हते.

नांदेडचे चित्र याहून कटू आहे. २०२३ च्या ऑक्टोबरारंभी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात अर्भके होती. दुसऱ्याच दिवशी एका खासदारांनी तेथील अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करावयास लावले. ते दृश्य देशभर फिरले. औषधे का नव्हती, मनुष्यबळ किती अपुरे होते, हे प्रश्न त्या झाडूमागे दडले.

या दोन शहरांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे खंत अधिकच वाटते. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते, शिवराज पाटील चाकूरकर लातूरचे. दोघेही पुढे देशाचे गृहमंत्री झाले. नगरपालिका ही त्या पिढीची शाळा होती. शंकररावांना तर लोक ‘हेडमास्तर’च म्हणत, ज्यांनी काही काळ छडी हाती धरली आहे त्यांना या उपाधीत निंदेपेक्षा स्तुतीच अधिक ऐकू येईल. शिवराजजी कॅमेऱ्याच्या मागे लागलेले गृहस्थ नव्हेत, पण लोकसभेत कॅमेरा रुजला तो १९९१ ते १९९६ या त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात. प्रश्नोत्तराच्या तासाचे नियमित प्रक्षेपण तेव्हाच सुरू झाले. दैवगती अशी की, २००८ च्या सप्टेंबरात दिल्लीत स्फोट झाले त्या संध्याकाळी गृहमंत्र्यांनी कपडे किती वेळा बदलले याची मोजदाद याच पडद्याने केली, आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांना पद सोडावे लागले. २०२५ च्या डिसेंबरात लातुरातच त्यांचे निधन झाले.

त्यांनी कॅमेरा लावला तो भाषणासमोर नव्हे, प्रश्नासमोर, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. महापौरपदाचा कायदा बदलणे मुंबईच्या हाती आहे. त्याला किती वर्षे लागतील कोण जाणे. पण आपल्या सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीच्या बैठकीचे संपूर्ण प्रक्षेपण नागरिकांना घरबसल्या पाहता येईल अशी व्यवस्था करण्यास मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्या कामाची निविदा का रेंगाळली, कोणत्या प्रभागात किती दिवसांआड पाणी सुटले, हे प्रश्न कोणी विचारले आणि आयुक्तांनी काय उत्तर दिले, हे दिसू द्यावे. दोन्ही शहरांच्या नव्या सभागृहांनी येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा.