काट्यावरचा तोल, पावलांचा तोल

आपल्या भाषेत 'तोल' हा शब्द दोन अर्थांनी येतो. काट्यावर पाहतो तोही तोल आणि चालताना सांभाळतो तोही तोलच. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिला तोल झपाट्याने उतरतो. त्या आनंदात दुसऱ्याकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून आजचा हा विषय.

शरीर स्थिर राहते ते तीन साक्षीदारांच्या बळावर : डोळे, तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव, आणि अंतर्कर्ण. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात. शेजारच्या दोन पिशव्यांतील चुन्याचे सूक्ष्म स्फटिक डोक्याचा कल सांगतात. या सर्व वार्ता मेंदूत जुळल्या की मनुष्य निश्चिंत उभा राहतो.

स्थूलतेत पोटाच्या भाराने शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. त्यातच मधुमेह असल्यास तळपायांची संवेदना बोथट होऊ शकते. त्यामुळे कान निर्दोष असूनही पाऊल डळमळते. वजन उतरल्यावर पुष्कळांचा तोल सुधारतो. शस्त्रक्रियेचा हा लाभ खराच आहे.

तरीही शस्त्रक्रियेनंतर काहींना चक्कर येते आणि घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, होईल हळूहळू बरे." येथेच सावध व्हावे. 'चक्कर' हा एकच शब्द निरनिराळ्या तक्रारी झाकतो.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बहुधा रक्तदाब उतरलेला असतो. पाणी कमी पोटात जाते आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र जुन्याच मात्रेत चालू राहतात. ती मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

कूस बदलताना काही क्षण खोली गरगरत असेल, तर अंतर्कर्णातील स्फटिक जागचे हलून नलिकेत शिरलेले असू शकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके विशिष्ट क्रमाने फिरवून ते पूर्वस्थळी आणतात. स्वतःचाच आवाज कानात घुमू लागला, तर घसा व कान जोडणाऱ्या नळीभोवतालची चरबी घटून ती नळी उघडी राहत असण्याचा संभव असतो.

तोंड धुताना डोळे मिटताच तोल जात असेल, तर तळपायांची साक्ष दुबळी झाली आहे असे समजावे. जीवनसत्त्व ब-१२ च्या अभावाने मज्जारज्जूला इजा होते. शाकाहारी घरांत त्याचा मुख्य नैसर्गिक स्रोत दूध-दही. आणि शस्त्रक्रियेनंतर तेही पुरेसे शोषले जात नाही. म्हणून सांगितलेली पूरक औषधे बरे वाटले म्हणून थांबवू नयेत. यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे उणीव उशिरा उघड होते.

सर्वांत घातक चौथी तक्रार. वारंवार उलट्या, झोकांड्या जाणारी चाल, एकाची दोन दिसणारी वस्तू, बोलण्यात गोंधळ. शरीरातील ब-१ अर्थात थायमिनचा साठा काही आठवड्यांतच संपतो. मग कान शाबूत असूनही त्याच्या वार्ता वाचणारी मेंदूतील केंद्रे उपाशी पडतात. ही चारही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचा विचार झाला का, हे नम्रपणे विचारावे. वेळेत दिलेले थायमिन माणसाला सावरते. विलंबाने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

पहिल्या वर्षात दीर्घ उपवासाचा संकल्प असल्यास आधी शल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा.

घरच्यांनी रोज काटा जरूर पाहावा. पण त्याआधी रुग्ण काट्यापर्यंत कसा चालत आला, तेही पाहावे.