फोन बोलतो, पोस्टर बोलत नाही

‘तुला दिसत नाही, मग टचचा फोन कशाला?’ शादीच्या दावतीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझे एक चाचा तर बाजूच्याला सुचवतातही, ‘याला बटणांचा साधा फोन घेऊन द्या, सवाब मिळेल.’ कुणाच्या सवाबाची सोय व्हायला मी तयार नाही.

फोन मी असा वापरतो. काचेवर एक बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून सांगतो. दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. आयफोनमध्ये ही सोय २००९ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये २०११ पासून. अडतं ते पुढे. ॲप बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल तर फोन म्हणतो, ‘बटण’. शेजारच्यालाही ‘बटण’. पैसे पाठवायचं कुठलं, रद्द करायचं कुठलं? ते नाव लिहायला एखादी ओळ पुरते. ती राहून जाते आणि मला खात्याचा पिन भावाला सांगावा लागतो. केवायसी करायला गेलो तर म्हणे कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा!

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे आम्ही खैरात मागत नाही.

सरकारला आणि कंपन्यांना झोडपणं सोपं आहे, आता आपल्या मोहल्ल्यात या. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, रक्तदान शिबिर, जनाज्याची वेळ, सगळं ग्रुपवर पोस्टर म्हणून येतं. माझा फोन एवढंच म्हणतो, ‘फोटो’. चित्रातली अक्षरं ओळखणारी ॲप आहेत, पण बेलबुट्टीवर लिहिलेल्या नस्तालीक उर्दूपुढे माझ्याकडचं ॲप हात टेकतं. शेजारच्या हाजीसाहेबांनी मला लहानपणी बोट धरून मदरशात पोचवलं होतं. त्यांच्या जनाज्याची वेळ मला दफन झाल्यावर कळली. ग्रुपवर ती सकाळपासून होती, हिरव्या चौकटीत.

कुरैशच्या सरदारांशी बोलताना एका अंध माणसाकडे दुर्लक्ष झालं म्हणून खुद्द प्रेषितांना (स.) सूरह अबसमध्ये टोकलं गेलं. तेच हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम पुढे मदिनेत अजान देत. हा प्रसंग आपण बयानात डोळे पाणावून ऐकतो, आणि बाहेर पडून पुढचं पोस्टर फॉरवर्ड करतो.

पोस्टर जरूर करा, मेहनतीने करता. त्याच्याखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि फोन नंबर टाइप करा, मराठीत, उर्दूत, जमेल तसं. एवढ्याला ना निधी लागतो ना कमिटीचा ठराव. मी तीन ॲडमिनना हे सांगितलं. एकाने सुरू केलं आहे, दुसऱ्याने अंगठा पाठवला, तिसऱ्याने विचारलं, ‘ग्रुपवर अंध आहेत तरी किती?’ मी त्याच्याच ग्रुपवर चार वर्षं आहे.