फिकट रेघही रेघच

वसईगावातल्या होळी बाजारात खरेदीला येणाऱ्या बायकांना सोनं ओळखायला शिकवावं लागत नाही. पण औषधाच्या दुकानातून आणलेल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर लालसर रेघ उमटते, तीही बहुतेक वेळा सोन्याचीच असते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सोनं लाल कसं? पट्टीतले कण साधारण 20 ते 40 नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे दोनेक हजार ओळीने बसतील. इतक्या बारीक कणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावतात. हा ताल हिरव्या प्रकाशाशी जुळतो. तो प्रकाश कणाच्या अगदी जवळ कोंडला जातो. बराचसा शोषला जातो, थोडा विखुरतो. डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो लाल. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा अभ्यास केला. 1908 मध्ये गुस्टाव मी यांनी त्या रंगाचं गणित मांडलं.

या कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. लघवीत गर्भधारणेचं संप्रेरक असेल, तर त्याच्यासह कण चाचणीच्या रेघेवर अडकतात आणि तिथे गर्दी करतात. संप्रेरक कमी, तर कण कमी आणि रेघ फिकट. म्हणजे पाकिटावर दिलेल्या वेळेत दिसलेली फिकट लालसर रेघही ‘होय’च सांगते. ‘नीट उमटली नाही’ म्हणून पट्टी फेकली, की मोलाचे आठवडे वाया जातात. वेळ उलटल्यावर दिसणारी करडी रेघ मात्र धरू नये. नियंत्रणाची रेघच आली नाही, तर पट्टी बाद. शंका असल्यास दोन-तीन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा तपासावं.

गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे पट्टी सांगू शकत नाही. म्हणून रेघ पाहून दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या घेणं जिवावर बेतू शकतं. पोटात तीव्र दुखणं, रक्तस्राव किंवा चक्कर असेल, तर थेट रुग्णालय गाठावं.

आशा कार्यकर्तीकडे ‘निश्चय’ ही चाचणी मोफत मिळते. तिच्यासोबत चार शब्द समजावून सांगणारं माणूसही मिळतं. दुकानातल्या पाकिटावर तेवढं तरी ठळक मराठीत छापायला काय हरकत आहे? विज्ञानाने सोन्याची रेघ स्वस्त केली. ती वाचायची कशी, हे सांगणंही तितकंच गरजेचं आहे.