ध्रुव डाव्या खांद्यावर

सियाचीनला होतो तेव्हा एकाही नातेवाइकाला माझी आठवण झाली नाही. जयपूरला पोस्टिंग झालं आणि साताऱ्यापासून नाशिकपर्यंत सगळ्यांना अचानक कळलं की, अरे, आपला एक माणूस फौजेत आहे! दोन वर्षांत आमेर किल्ला नऊ वेळा आणि जंतरमंतर अकरा वेळा दाखवून झालंय. निवृत्तीनंतर काय करणार, हा प्रश्न आता पडत नाही. गाइडचं लायसन्स काढेन.

गेल्या फेब्रुवारीत काका आले. सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, मनगटावर नातवाने दिलेलं स्मार्टवॉच आणि खिशात फोन. फोनमध्ये माजी सैनिकांचे चार ग्रुप. जंतरमंतरच्या दारातच त्यांनी मला एक फॉरवर्ड वाचून दाखवला : आपल्या पूर्वजांची ही यंत्रं पाहून नासाचे शास्त्रज्ञ थक्क, जगातलं सर्वांत अचूक घड्याळ, प्रत्येक भारतीयाने पुढे पाठवा.

"काका, आधी घड्याळ तर बघू," मी म्हणालो.

सम्राट यंत्रापाशी गेलो. वीस मीटरांहून उंच दगडी काटकोन त्रिकोण, त्याची तिरपी कड बरोबर ध्रुवाकडे रोखलेली आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी कमानी. कमानीवर सर्वांत लहान खूण दोन सेकंदांची. काकांनी सावली वाचली, मनगट वाचलं, पुन्हा सावली वाचली.

"अरे, हे तर चाळीस मिनिटं मागे आहे!"

नासाचे शास्त्रज्ञ बाजूलाच राहिले, सुभेदार साहेब थक्क झाले.

खरं तर दोन्ही घड्याळं बरोबर होती. मनगटावरचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची वेळ दाखवतं, तीच आपली प्रमाणवेळ. जयपूर त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे तिथला सूर्य जवळपास २७ मिनिटं मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, म्हणून सूर्य वर्षभर थोडा पुढे-मागे करतो. फेब्रुवारीत तो आणखी चौदा मिनिटं मागे असतो. बेरीज करा, एक्केचाळीस. काकांनी बोटांवर हिशेब केला आणि खूश झाले. फॉरवर्ड वाचतानाही ते एवढे खूश नव्हते, हे नोंदवून ठेवतो.

मग त्यांना मी दगडापेक्षा दगड रचणाऱ्याची गोष्ट सांगितली. सवाई जयसिंग आधी शिपाईगडी, मग ज्योतिषी. १७०२ साली, जेमतेम तेरा वर्षांचा असताना, तो औरंगजेबाच्या फौजेबरोबर आपल्या विशाळगडाच्या वेढ्यात होता. पुढे त्याच्या दरबारात जगन्नाथ पंडित नावाचा महाराष्ट्रीय विद्वान होता. त्याने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. मुघलांचा सरदार, मराठी पंडित, ग्रीक गणित, अरबी प्रत. आजच्या एखाद्या ग्रुपवर ही टीम पाच मिनिटंही टिकली नसती.

पितळी यंत्रं लहान असतात आणि झिजतात, म्हणून त्याने दगडात भव्य यंत्रं बांधली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, बनारस आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभ्या केल्या, म्हणजे एका जागची नोंद दुसऱ्या जागी तपासता येईल. १७२७ मध्ये एका जेझुइट पाद्र्याच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पोर्तुगालला पाठवलं. ते ला हिर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टकं घेऊन परतलं. युरोपातून आलेली, छापील, देखणी कोष्टकं. जयसिंगाने काय करावं? आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राची जागा अर्ध्या अंशाने चुकत होती. अर्धा अंश म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची अख्खी रुंदी. तसं त्याने लिहून ठेवलं.

माझ्या मते जयसिंगाचा मोठेपणा इथे आहे. परकीयांचं आहे म्हणून डोक्यावर घेतलं नाही, परकीयांचं आहे म्हणून फेकूनही दिलं नाही. पडताळलं. तो चुकलाही. दुर्बीण त्याच्याकडे होती, गुरूचे चार चंद्र त्याला ठाऊक होते, तरी मोजमापासाठी त्याने भरवसा ठेवला तो नुसत्या डोळ्यांवर. ग्रीनविचला तोवर दुर्बीण लावलेल्या यंत्रांनी तारे मोजले जात होते. हेही सांगायला हवं, नाहीतर आपणही फॉरवर्डच लिहितोय.

पडताळण्याचं एवढं कौतुक मला का, ते सांगतो. २००२ चा उन्हाळा. पराक्रमची जमवाजमव चालू, मी नवाकोरा लेफ्टनंट, बिकानेरपलीकडची वाळू, रात्रीचा सराव आणि मागे अठरा जवान. माझ्या हातात जीपीएसचं यंत्र होतं आणि त्याचा मला केवढा अभिमान! निघताना एका ठिकाणाचा आकडा मी चुकीचा भरला. तासाभराने मागून हवालदार साहेब हळूच म्हणाले, "साहेब, आपल्याला पूर्वेला जायचंय. ध्रुव डाव्या खांद्यावर पाहिजे. तो तर समोर आलाय."

मी यंत्राकडे बघितलं. यंत्र ठाम होतं. मीही ठाम राहिलो, आणखी एक तास.

उजाडलं तेव्हा आम्ही भलतीकडेच होतो आणि बाटल्या रिकाम्या होत्या. परत येईपर्यंत एक जवान कोसळला, त्याला सलाइन लावावं लागलं. वाचला. डीब्रीफमध्ये सीओ साहेबांनी आवाज चढवला नाही. एकच प्रश्न विचारला : "दुसऱ्या कशाशी ताडून पाहिलंस?" इतकी वर्षं झाली, तो प्रश्न अजून उतरलेला नाही. यंत्राचा काही दोष नव्हता. माझा होता.

म्हणूनच हल्ली विज्ञानाच्या बातम्यांवर आपण जे करतो ते पाहून मला घाम फुटतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावरून परतला. एनडीएचा पोरगा, आम्हाला काही वर्षं ज्युनियर, म्हणजे अंतराळातून आला तरी समोर दिसल्यावर आधी त्यानेच विश करायचं! कोर्सच्या ग्रुपवर तीनशे मेसेज पडले. त्यात माझे बारा. अभिमान होताच, आहेच.

त्याच जुलैत संसदेत एक उत्तर दिलं गेलं. आपल्या स्वतःच्या जीपीएसचे, म्हणजे नाविकचे, सोडलेल्या अकरापैकी चारच उपग्रह तेव्हा स्थान आणि वेळ सांगायच्या कामाचे होते. जमिनीवर आपली जागा ठरवायला किमान चारच लागतात. म्हणजे राखीव शून्य. यावर ग्रुपवर किती मेसेज? तेही शून्य.

हे सगळं प्रकरण मुळात घड्याळाचंच आहे. उपग्रह आपली वेळ पाठवतो, संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं की जमिनीवर तीनशे मीटरची गफलत. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली. मग आपण स्वतःचं रुबिडियम घड्याळ बनवलं, ते मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ मधून वर गेलं. ही खरी पेढे वाटायची बातमी होती. पण त्या दिवशी कोणी पेढे वाटल्याचं मला आठवत नाही. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी एनव्हीएस-०२ सोडला. श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, शंभरीच्या शुभेच्छांचा पाऊस. चार दिवसांनी इस्रोने सांगितलं की ऑक्सिडायझरचे व्हॉल्व्ह उघडले नाहीत, उपग्रह ठरलेल्या कक्षेत जाणार नाही. शुभेच्छा देणारे तोवर पुढच्या फॉरवर्डवर गेले होते.

काही जण म्हणतील, साहेब, अपयश कशाला उगाळता? कारण उगाळल्यानेच गंध निघतं. चंद्रयान-२ चा लँडर २०१९ मध्ये आदळला. त्यानंतर इस्रोने काय काय बिघडू शकतं याची यादी करून चंद्रयान-३ बांधलं. तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनीच तसं सांगितलं होतं. २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ त्या यादीने मिळवून दिली. इस्रो आपली चूक सांगतं, तिच्यामागे लागतं. आपण वाचक मात्र फक्त टाळ्यांपुरते हजर असतो. ज्या गोष्टीबद्दल जनता विचारत नाही, तिला पैसा आणि माणसं शेवटी मिळतात.

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. मी तेव्हा खडकवासल्याला कॅडेट होतो. कारगिलचं युद्ध होऊन वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्याचं घड्याळ हे दुसऱ्याचंच असतं, एवढं कळायला त्या उन्हाळ्यात फार हुशारी लागत नव्हती. आज सीमेवर कुणा लेफ्टनंटच्या मागे अठरा जण चालत असतील. त्याच्या हातातलं यंत्र कुणाच्या वेळेवर चालतंय, हे विचारणं मला चंद्राइतकंच देशप्रेमाचं वाटतं.

संध्याकाळी काकांनी तो नासावाला फॉरवर्ड पुसला आणि त्याऐवजी दोन बोटांनी, अर्धा तास खर्चून, एनव्हीएस-०२ बद्दल सहा ओळी स्वतः लिहून चारही ग्रुपवर टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकच उत्तर आलं. एका निवृत्त नायकाचं : "सर, व्हॉल्व्ह का उघडले नाहीत?"

काका दिवसभर खुशीत होते.

दिवाळीला आत्या येतेय. जंतरमंतर, बारावी फेरी. दिवाळीच्या सुमारास सूर्य जवळपास सोळा मिनिटं पुढे असतो, त्यामुळे फरक साधारण अकराच मिनिटांचा दिसेल. का, ते तिने विचारलं तर चहा माझ्याकडून.