पाच मिनिटांचा समुद्र

नौदल दिनाच्या समारंभांत निवृत्त नौसैनिकाला बोलण्यासाठी जेवढा वेळ दिला जातो, त्याहून अधिक वेळ पाहुण्यांच्या स्वागतात जातो, आणि हा क्रम आता इतका रुळला आहे की त्यात काही चुकते आहे असे आयोजकांना वाटेनासे झाले आहे. समुद्रावर विमाने झेपावतात, कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरतात, बँड वाजतो. शाल-श्रीफळ स्वीकारण्यासाठी उभा केलेला, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस मात्र ‘त्या रात्री’बद्दल पाच मिनिटांत जे सांगता येईल ते सांगतो, आणि त्या रात्रीखेरीज दुसरे काही बोलू लागला तर सूत्रसंचालक हळूच घड्याळाकडे पाहतो. प्रस्तुत अंकाचा विषय ‘किनारा’ ठरला तेव्हा त्यात मासेमारी, सागरी किल्ले आणि कोकणातील पर्यटन एवढेच अपेक्षित होते. या संपादकीयाचा त्या विषयाशी असलेला धागा ओढून ताणून जोडलेला आहे असे कोणास वाटल्यास ते सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही.

‘ती रात्र’ म्हणजे ४ डिसेंबर १९७१ ची. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी किल्टन व कच्छल या मोठ्या नौकांच्या सोबतीने कराचीवर हल्ला चढवला, आणि या ‘ऑपरेशन ट्रायडंट’च्या स्मरणार्थ पुढील वर्षापासून ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला. नौदल दिनाची प्रथा मुळात ब्रिटिश अमदानीतली होती. १९४४ साली तो २१ ऑक्टोबरला, म्हणजे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या ट्रॅफल्गरच्या लढाईच्या दिवशी साजरा झाला होता, तेव्हा तो दिवस बदलणे न्याय्यच होते. ट्रायडंटमधील ओसा वर्गाच्या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका मुळात बंदराच्या रक्षणासाठी घडवलेल्या होत्या, त्यांचा पल्ला तोकडा होता, आणि त्यांना शत्रूच्या बंदरापर्यंत नेऊन परत आणणे हे केवळ धाडसाचे नव्हे तर इंधन आणि यंत्रे यांच्या काटेकोर हिशेबाचे काम होते. हा हिशेब ज्यांनी इंजिनघरात उभे राहून सांभाळला त्यांच्या आठवणी समारंभात येत नाहीत. पूर्व किनाऱ्यावर त्याच युद्धात विक्रांत ही विमानवाहू नौका एका बॉयलरला तडा गेलेला असताना, म्हणजे वाफ तयार करणारे एक पात्र निकामी असताना आणि त्यामुळे वेग मर्यादित झालेला असताना, चितगाव व कॉक्स बाझारवर विमाने पाठवीत होती. वैमानिकांची छायाचित्रे पुष्कळ आहेत. उरलेल्या बॉयलरांपुढच्या उकाड्यात चार-चार तासांची पाळी, जिला नौदलात ‘वॉच’ म्हणतात, ती करणाऱ्यांची फारशी नाहीत.

येथे हा प्रश्न भावनेचा नसून इतिहासाच्या साधनांचा आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. निवृत्त नौसैनिक मोकळेपणाने बोलू लागले की ते पदकांबद्दल क्वचितच बोलतात. गोड्या पाण्याची मोजून मिळणारी बादली, मेसमधील म्हणजे जहाजावरच्या भोजनगृहातील डाळ, उशिरा पोहोचलेले पत्र, अधिकाऱ्याची जीभ, हे त्यांचे विषय असतात, आणि ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटतात. परंतु मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तलवार या संदेशवहन-प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी जे अन्न नाकारले, तेही याच किरकोळ विषयावरून. निकृष्ट जेवण आणि वरिष्ठाची अपमानास्पद भाषा यांतून सुरू झालेला तो संप काही दिवसांत बंदराबंदरांतील जहाजांवर आणि तळांवर पसरला, एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संप समिती स्थापन झाली, ब्रिटिश नाविकांइतका पगार, आझाद हिंद फौजेतील कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत घेणे या मागण्या पुढे आल्या, आणि गिरणगाव रस्त्यावर उतरून गोळ्या झेलू लागले. वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. स्वातंत्र्य मिळाल्यावर बडतर्फ नाविकांना नौदलाने परत घेतले नाही. दक्षिण मुंबईत त्यांचे स्मारक आहे, पण फेब्रुवारीतल्या त्या तारखेला तेथे गर्दी होत नाही, कारण शिस्तभंगाचे स्मरण कसे करावे हे कोणत्याही सैन्याला नीटसे ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२६ हा या उठावाच्या ८० वर्षांचा टप्पा.

पराभवाच्या बाबतीत असाच संकोच दिसतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात खुकरी ही फ्रिगेट, म्हणजे पाणबुड्यांचा माग काढण्याचे काम असलेली मध्यम आकाराची युद्धनौका, पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने बुडवली आणि तीवरील १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याबरोबर बुडाले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, दीवला स्मारक झाले; हे सर्व यथोचित आहे. परंतु जे वाचले त्यांनी काय पाहिले, कोणत्या दारातून ते बाहेर पडले, मागे कोण राहिले, याच्या कथनांचे पुस्तक येण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि ते इयान कार्डोझो यांनी लिहिले, जे भूदलातील निवृत्त मेजर जनरल आहेत. नौदलाची साक्ष भूदलाने नोंदवावी यात कार्डोझो यांचा मोठेपणा आहे. इतरांचा कोणता, ते वाचकांनी ठरवावे.

वस्तूंची कथाही वेगळी नाही. १९९७ साली सेवामुक्त झालेली विक्रांत काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये ते बंद झाले, २०१४ मध्ये ती लिलावात विकली गेली आणि दारूखान्यात, म्हणजे मुंबईच्या जहाजतोडीच्या वस्तीत, तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटारसायकलच्या जाहिरातीत झळकला. विराट ही दुसरी विमानवाहू नौका २०२० मध्ये तोडणीसाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्याला लागली. महाकाय जहाज राखण्याचा खर्च खरोखरच अवाढव्य असतो, त्यामुळे येथे सरसकट दोष देणे सोपे आणि अप्रामाणिक ठरेल. पण ज्या राज्याला जहाज राखणे परवडत नाही, त्याला त्या जहाजावर राबलेल्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे परवडत नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

त्याऐवजी पुतळे परवडतात. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणला साजरा झाला, तेथील राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. समोरच्या पाण्यात १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग तेवढ्यात हललेला नव्हता. २०२५ च्या मे महिन्यात तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सिंधुदुर्गासह विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले, ही त्या वर्षातील निखळ आनंदाची बातमी. 

१९७१ मध्ये २० वर्षांचा असलेला नौसैनिक २०२५ मध्ये ७४ वर्षांचा झाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, तसेच सातारा-सांगलीकडील अनेक घरांत असा एखादा काका किंवा आजोबा आहे, ज्याच्या ट्रंकेत सेवापुस्तिका आहे आणि ज्याच्या गोष्टी घरच्यांना ऐकून ऐकून पाठ झाल्याने कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. या अंकाच्या वाचकांनी दिवाळीच्या सुटीत त्याच्याजवळ बसून जहाजाचे नाव, कामाचा हुद्दा, वॉचच्या वेळा आणि सोबत्यांची नावे एवढे तरी उतरवून घ्यावे आणि फेब्रुवारीअखेर संपादकीय पत्त्यावर पाठवावे. पदक असण्याची अट नाही. लेखन शुद्ध करण्याच्या भरात त्यातील जेवणाविषयीची कुरकुर मात्र कोणी गाळू नये.